मदतीची व्याख्या

माय, परवा बुद्धविहारात एका म्हातारीनं मला सगळ्यांसमोर विचारलं, "म्हंजी शेजाऱ्याला भाकर द्यायची का न्हाई, तेवढं सांग बाई," आणि मला उत्तर देता आलं नाही. जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं मी. मुलांनी कितीही आडवेतिडवे प्रश्न विचारले तरी फळ्याकडे वळायचे, खडू शोधायचे आणि तेवढ्या वेळात काहीतरी जुळवून उत्तर द्यायचे. परवा फळा नव्हता. तू असतीस तर मागच्या सतरंजीवरून ओरडली असतीस, "द्यायची म्हनून सांग की तिला, इचार कशाचा करायलीस!" तुला कुठलाच प्रश्न अवघड वाटायचा नाही. लहानपणी मला त्याचा राग यायचा, आता हेवा वाटतो.

आधी काय झालं ते सांगते. दहशतवाद रोखायचा म्हणून सरकार नवा कायदा आणतं आहे. अजून झालेला नाही, मसुदा बाहेर आला आहे आणि कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून मुदत दिली होती. मसुदा इंग्रजीत. माझा एक जुना विद्यार्थी नामपल्लीच्या कोर्टात वकिली करतो. चाळिशी उलटली तरी मला 'बाई' म्हणतो आणि माझ्यासमोर खुर्चीत नीट टेकून बसत नाही. तो मसुद्याचा गठ्ठा घेऊन घरी आला. म्हणाला, "बाई, विहारातल्या लोकांना कळेल असा मराठीत गोषवारा करून द्या. तुमच्याइतकं सोपं करून कुणी सांगत नाही." स्तुतीला मी भुलते, हे तुला माहीत आहेच. बसले मग आठवडाभर चष्मा पुसत. वाचता वाचता एका कलमापाशी आले. आरोपीला मदत करणं हाही गुन्हा, आणि मदत म्हणजे काय, तर पैसा, राहायला जागा, गाडी, फोन, अन्न. यातलं काही दिलं तर देणाराही आत. 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायचं असेल तर ते त्यानंच सिद्ध करायचं. जामीन मिळणं जवळजवळ अशक्य. सूट फक्त नवऱ्याला किंवा बायकोला. नवरा फरारी असेल आणि बायकोनं त्याला जेवू घातलं तर चालेल. आईनं घातलं तर चालणार नाही. शेजारणीचा तर प्रश्नच नाही. मला वाटलं माझ्या इंग्रजीत काही खोट असेल, म्हणून पुन्हा वाचलं. खोट नव्हती. मग हेच मी विहारात वाचून दाखवलं, आणि त्या म्हातारीनं जे विचारायचं ते विचारलं.

बाँब फुटतात, माय, ते काही खोटं नाही. या शहरानं ते पाहिले आहेत. संध्याकाळी भाजी आणायला गेलेलं माणूस परत आलं नाही, अशी घरं मला माहीत आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून 'कायदाच नको' म्हणायची माझी हिंमत नाही, आणि तसं मला वाटतही नाही. पण बाँब ठेवणारा आणि भाकरी देणारी एकाच पिशवीत कसे घालायचे, हे मला उमगत नाही. मी दमले आहे गं. गुडघे तर गेलेच आहेत, पण ती दमणूक वेगळी. दर काही वर्षांनी एक नवा कायदा येतो, जुन्याहून कडक. दरवेळी म्हणतात की निर्दोष माणसानं भ्यायचं कारण नाही. दरवेळी आपण थोडे लोक कुठल्यातरी हॉलमध्ये जमतो, चहा पितो, निषेध करतो आणि घरी येतो. तोच धडा, तोच तास, आणि वर्गातली मुलं मात्र दरवर्षी कमी होत गेलेली.

ते कलम वाचलं आणि मला आपलं तारनाक्याचं रेल्वे क्वार्टर आठवलं. स्वयंपाकघर एवढंसं होतं की तू भाकरी थापायला बसलीस की दुसऱ्यानं उंबऱ्यातच उभं राहायचं. मागच्या भिंतीपलीकडे खालाचं घर. ती काही आपली नात्यातली मावशी नव्हती, पण सगळी गल्ली तिला खाला म्हणायची म्हणून आपणही. भिंतीवरून तुमच्या दोघींचा कारभार चालायचा. आपल्या डब्यातून अंबाडीची भाजी नि भाकरी जायची, आणि त्याच डब्यातून खट्टी दाल नाहीतर बगारा भात यायचा. भांडं रिकामं परत करायचं नाही, हा तुम्हा दोघींचा कायदा, आणि त्याला मसुदाबिसुदा काही नव्हता. घरात काहीच नसलं तर खाला डब्यात चिमूटभर साखर टाकून द्यायची, पण रिकामा नाही म्हणजे नाही.

त्या डब्यावर बाबांचं नाव कोरलेलं होतं. भांडं घेतलं की दुकानदार तिथंच टकटक करत नाव घालून द्यायचा. "नाम का पहला अक्षर चालम्मा, पूरा कायकू?" असं तो दरवेळी म्हणायचा, एक अक्षर पुरे म्हणून, आणि तू दरवेळी आडनावासकट अख्खं नाव घालायला लावायचीस. तुला अक्षर वाचता यायचं नाही, पण घरी येईपर्यंत बोट फिरवून बघत राहायचीस की नाव नीट खोल गेलंय ना. मला ते हास्यास्पद वाटायचं. एकदा मी तसं बोलून दाखवलं तेव्हा तू पीठ मळता मळता सांगितलंस. म्हणालीस, गावाकडं आपल्या भांड्याला कुणी हात लावत न्हवतं, पाणी वरून ओतायचे. "हितं माझा डबा दुसऱ्याच्या चुलीपाशी जातो आन त्यातलं मानसं पोटभर जेवत्यात. कुनाचा हाय ते दिसू दे की." त्यानंतर त्या टकटकीची मला कधी लाज वाटली नाही.

खालाचा मुलगा माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचा. मी कॉलेजात होते त्या वर्षी शहरात काहीतरी झालं होतं आणि पोलीस गल्ल्यागल्ल्यांतून तरुण पोरांना उचलत होते. ज्या माणसाला ते शोधत होते त्यानं आपला टेप याच्या दुकानात दुरुस्तीला टाकला होता. संबंध तेवढाच, पण तेवढा त्या दिवसांत पुरायचा. तो घाबरून मौलाअलीच्या डोंगराखाली, मामाच्या अर्धवट बांधलेल्या घरात जाऊन बसला. खालाच्या दारावर साध्या कपड्यांतले पोलीस. खाला तुझ्या स्वयंपाकघरात येऊन उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "कल से कुछ नै खाया मेरा बच्चा." तू काही विचारलं नाहीस. तव्यावरची भाकरी उतरवलीस, खाली ठेवलेल्या दोन त्यावर ठेवल्यास, पिठलं भरलंस, डब्याला झाकण लावलंस आणि मला म्हणालीस, "कॉलेजला जाता जाता दिऊन ये." माझं कॉलेज कोठीला. मौलाअली बरोब्बर उलट्या दिशेला. जाता जाता!

मग मी रोज जाते आहे. पिशवीत तळाला डबा, वर राज्यशास्त्राचं पुस्तक. बसमध्ये कुणी पिशवीकडे नुसतं बघितलं तरी मी ती पायांत ओढून घेते. तिथं खिडक्यांना अजून दारं बसलेली नाहीत, तो भिंतीकडे तोंड करून भराभरा खातो आणि मी बाहेरच्या खडकांकडे बघत बसते. एके दिवशी न राहवून मी त्याला विचारलं, तुम्ही खरंच काही केलंय का? तो म्हणाला, "मैं टेप का हेड साफ करा, बस." घरी येऊन मी तुला हे सांगितलं तर तू माझ्यावरच डाफरलीस. "जेवनाऱ्याला इचारू ने काही. पोटात जाऊ दे की आधी." आणि तो तरी कसला, खालाचाच मुलगा. एवढा जीव टांगणीला लागलेला, पण डबा रिकामा देत नव्हता. त्या डोंगराच्या कडेला सीताफळाची झाडं होती, त्यातलं एखादं डोळे उघडलेलं फळ शोधून ठेवायचा आणि धुतलेल्या डब्यात घालून द्यायचा. एक दिवस त्याला फळ मिळालं नाही. मी म्हटलं, राहू दे, द्या इकडे. तर म्हणतो, "खाली डब्बा कैसा दूं? अम्मी मारेंगी. कल लेके जाओ." मीही शहाणी. ठेवून आले.

त्याच संध्याकाळी त्याला पकडलं. तो, त्याची चादर आणि आपला डबा. फरारी माणसाला तू नाव कोरलेल्या डब्यातून जेवण पाठवलंस, माय! आडनावासकट! चोरी करायची तर आपल्यासारख्यांकडून शिकू नये कुणी. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्टर डबा हातात घेऊनच दारात आला. बाबा कामावर निघाले होते, त्यांच्या हातातली सायकल तशीच भिंतीला टेकली गेली. इन्स्पेक्टरनं विचारलं, "ये डब्बा किसका है?" तू पदराला हात पुसत बाहेर आलीस, डबा त्याच्या हातातून घेतलास, बोट फिरवून पाहिलंस आणि म्हणालीस, "हमाराच है साब. नाव लिखेला है ना."

"कौन पोंचाया उधर?"

"मैं."

मी तुझ्यामागे उभी होते. तू वळून बघितलं नाहीस. तारनाक्याच्या बसस्टॉपच्या पुढं तू एकटी कधी गेली नव्हतीस. इन्स्पेक्टरही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं विचारलं, "कौनसी बस से गए?" तू तितक्याच शांतपणे सांगितलंस, "नंबर पढना नै आता साब. लोगां बोले उस में बैठी." त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला. मला आजही वाटतं, त्याला सगळं कळलं होतं. मग त्यानं डबा परत काढून घेतला आणि तुला नि बाबांना ठाण्यात नेलं.

दिवसभर तू ठाण्यातल्या बाकावर बसून होतीस. मी बाहेर चिंचेखाली. संध्याकाळ व्हायला लागली तेव्हा तू उठून त्याच्या टेबलापाशी गेलीस. बाबांना वाटलं, आता पाया पडशील. तू विचारलंस, "पकडे तब से उसको खाना दिये क्या तुम लोगां?" हे मला बाबांनी सांगितलं, नंतर कितीतरी वेळा, आणि दरवेळी सांगताना त्यांच्या आवाजात राग आधी यायचा आणि मग काहीतरी दुसरंच. इन्स्पेक्टरनं म्हणे कागद पुढं ओढला, परत मागं सारला, आणि म्हणाला, "जाओ अम्मा, घर को जाओ." बाबांना तेवढं बजावलं, नोकरी करनी है ना, घर में बोलके रखो. तेव्हाचा कायदाही काही गरीब गाय नव्हता, तुला आत टाकायचं त्यानं ठरवलं असतं तर टाकता आलं असतं. का टाकलं नाही ते मला माहीत नाही. तो देवमाणूस होता असंही नाही. त्याच ठाण्याच्या मागच्या खोलीत खालाच्या मुलाचे तळपाय सुजवून ठेवले होते. पण एका बाईला घरी पाठवण्याइतकी फट त्याला त्या कागदात सापडली. नव्या मसुद्यात मी तीच फट शोधत होते. सापडली नाही.

त्या संध्याकाळी मी तुला म्हटलं, मी जाऊन खरं सांगते, डबा मी नेत होते. तू चुलीपाशी होतीस. चिमटा उगारलास माझ्यावर. आयुष्यात कधी हात उचलला नव्हतास तू. "तोंड उघडशील तर बघ! मला नेऊन काय करतील? हितं चुलीपाशी बसते, तितं भिंतीपाशी बसंन. तुझं शिक्शन जाईल. गप बस." आणि मग भाकरी थापायला लागलीस आणि थापता थापता रडत होतीस, नाक पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून दंडाला पुसत होतीस. मी गप्प बसले. खालाचा मुलगा काही वर्षांनी सुटला. पुरावा नाही, म्हणाले. ते त्यांना इतक्या वर्षांनी कळलं. तोवर खाला राहिली नव्हती. सुटल्यावर तो आधी तिच्या कबरीवर गेला आणि तिथून आपल्याकडे आला. तू ताट वाढलंस आणि तेव्हाही काही विचारलं नाहीस. विचारलंस ते पोलिसांना. महिन्या दोन महिन्यांनी तू ठाण्यात जाऊन डबा परत मागायचीस. तो मुद्देमाल आहे, कोर्टात आहे, मिळणार नाही, असं सांगून हवालदार कंटाळले. एकानं तर म्हटलं, अम्मा, नवा घे, पैसे मी देतो. तू म्हणालीस, त्याच्यावर नाव असंल का? शेवटपर्यंत तो मिळाला नाही.

तर माय, हे सगळं मी हरकतीत लिहिलं. आधी सरळ मुद्दे काढले, वकिलाला लागतात तसे. मदतीची व्याख्या फार मोघम आहे, सिद्ध करण्याचं ओझं उलट्या खांद्यावर टाकलं आहे, जामिनाची अट जाचक आहे, वगैरे. मग एक परिच्छेद तुझा. माझ्या आईनं एका उपाशी माणसाला जेवण पाठवलं, ते मी पोचवलं, आणि तो माणूस निर्दोष निघाला. या कायद्यात माझ्या आईचं काय झालं असतं ते मला सांगा. एवढंच. खूप वर्षांनी काही न खोडता लिहिलं. माझ्या विद्यार्थ्याला वाचून दाखवलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी वाट बघते आहे की तो काय म्हणतो. तो म्हणाला, "बाई, चांगलं झालंय. पण हा परिच्छेद काढा."

मी म्हटलं, का? इतक्या जुन्या गोष्टीला आता कोण पकडतंय?

"पकडायला कुणी येणार नाही बाई. नवा कायदा मागं जाऊन लागत नाही. पण नावं राहतात. उद्या विहारावर काही बालंट आलं, तुम्ही कुठं सभेला दिसलात, तर कुणीतरी हे काढून बघणार, की यांच्या घरातून तेव्हाही डबा गेला होता आणि यांनीच तसं सही करून लिहून दिलंय." मी चिडले. म्हटलं, तू माझ्याकडे काय शिकलास मग? तो खाली बघून म्हणाला, "तुमच्याकडे हक्क शिकलो बाई. कोर्टात तारखा शिकलो." मला त्याच्यावर ओरडता येईना. तो रोज तिथं उभा असतो. मी नसते.

पण गोष्ट खालाच्या मुलाचीही होती, म्हणून त्याला विचारायला गेले. तो आता म्हातारा झालाय, मुलाच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात एका स्टुलावर बसून असतो. हात कापतात म्हणून काम करत नाही, नुसता बघतो. मला टीचर म्हणतो. चहा मागवला, बिस्किटं मागवली, मी हरकत वाचून दाखवली तेव्हा डोळे मिटून ऐकली. सीताफळाचं आलं तेव्हा हसला. मग मुलाला म्हणाला, जरा बाहेरचं शटर बघून ये, आणि तो गेल्यावर हळूच म्हणाला, "टीचर, तुम अपना लिखो. हमारा नक्को. एक बार नाम कागज पे चढ गया तो उतरता नै. कोर्ट से बरी होके इत्ते साल हुए, फिर भी शहर में कुछ हुआ तो पहले हमारेच घर को आते. पोता कॉलेज में है." मी म्हटलं, तुमचं नाव घालणार नाही, नुसतं शेजारी म्हणेन. तो म्हणाला, "मौलाअली लिखे ना? डब्बा लिखे ना? जिनको मालूम करना है, कर लेंगे." निघताना त्यानं माझी पिशवी धरून ठेवली, मुलाला हाक मारून बिस्किटांचा पुडा त्यात टाकायला लावला आणि मगच सोडली. रस्त्यावर आले तेव्हा मला त्याचा राग येत नव्हता. कुणाचाच राग येत नव्हता, हेच मला सहन होत नव्हतं.

घरी तुझी नात. तू तिला पाळण्यात पाहिलंस तेवढीच. आता गच्चीबावलीला कंपनीत आहे, कपाळ तुझ्यासारखंच मोठं. मराठी बोलते, वाचायला दिलं तर पोस्टर वाचल्यासारखी अक्षर अक्षर लावत बसते. तिला मी सांगितलं. ती म्हणाली, "मम्मी प्लीज, आत्ता नको ना. माझं बॅकग्राउंड चेक चालू आहे, आजकाल सगळं लिंक होतं. तुला पाठवायचंच तर पॉइंट्स पाठव, स्टोरी कायकू?" आणि मग माझे गुडघे चोळून द्यायला बसली. वाईट मुलगी नाही ती, माय. चोळता चोळता म्हणाली, "आजी डेंजर होती ना पण!" अभिमानानं म्हणाली. मी तिला काय दोष देऊ? रस्त्यानं खाली बघून चाल, नसत्या फंदात पडू नको, हे तिला मीच शिकवलं. शाळेत मी मुलांना व्यक्तिस्वातंत्र्य शिकवायचे आणि घरी येऊन लेकीला सावधपणा.

तू मला गप्प बसवलंस ते मला वाचवायला. हे मला तेव्हाही कळलं होतं आणि मी त्यावर अख्खं आयुष्य उभं केलं. नोकरी, घर, पेन्शन, सगळं तुझ्या त्या एका 'मैं' वर. आता मी गप्प बसते ती कुणाला वाचवायला? लेकीला म्हणावं तर ती तिचं बघून घेईल. खालाच्या मुलाला म्हणावं तर त्याची गोष्ट सोडून माझी लिहिता आली असती. मी स्वतःशी खूप वाद घातला. तुझ्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं म्हणून तुझी बाजूही मीच मांडली आणि मीच खोडून काढली. तुला चूल होती, मला पेन्शन आहे. तुला वाचता येत नव्हतं, मला सगळं वाचता येतं, मसुद्याची पानंच्या पानं. कदाचित एवढं वाचल्यामुळंच माणूस असा होतो.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी मी हरकत पाठवली. मुद्दे सगळे घातले, व्यवस्थित, अनुक्रमानं. खाली माझं पूर्ण नाव, पत्ता, निवृत्त शिक्षिका असं घातलं. तेवढं मात्र केलं, कुणी नको म्हणालं तरी. तुझा परिच्छेद काढला. पडद्यावर लगेच आलं, आपली सूचना प्राप्त झाली आहे, धन्यवाद. तो कायदा होईल, माय. तशा हरकती खूप आल्या असतील आणि कुणीतरी त्या एका जागी गोळा करून ठेवल्या असतील. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही, तेवढी ताकद उरली नाही. वाईट याचं वाटतं की त्या मुद्द्यांत कुणी जेवत नाही, कुणी उपाशी नाही. ते वाचून कुणालाही काही आठवणार नाही.

म्हणून हे तुला हातानं लिहिते आहे. वही जुनी, शाळेतली उरलेली. पाठवायचं कुठं, आणि ठेवायचं कुठं, ते ठरवलेलं नाही. लेक बाहेर गेली आहे, दार लावून घेतलं आहे. आता एक सांगते, मग थांबते. एवढं सगळं लिहिलं, पण यात कुणाचंच नाव नाही, हे तुला कुणी वाचून दाखवलं तर लक्षात येईल. खालाचं नाही, तिच्या मुलाचं नाही, बाबांचं नाही. मी आधी स्वतःला सांगितलं, आईला लिहिताना नावं कशाला लागतात. तसं नाही. तुझं नाव मी दोनदा लिहिलं होतं, माय. दोन्ही वेळा ते पान फाडलं, आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं.